सब ठीक है म्हणणाऱ्यांची गाडी

नाचणगाव (पुलगाव),
संक्रांतीनंतरचा रविवार

आदरणीय श्रावणदादांस,

धाकटी बहीण पौर्णिमा हिचा सविनय जयभीम.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमच्याकडची खुशाली नीट, ओळीने कळवावी. धुरपतावहिनींचे गुडघे थंडीत कसे आहेत, संत्र्याच्या झाडांचा ताण तोडून ओलिताचं पाणी सुरू केलं की नाही, काळी गाय व्याली की अजून वाट पाहायला लावते आहे, हे सगळं मला हवं आहे. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तुम्ही बोलत नाही, तार ठोकता. "सब ठीक. ठेवतो." एवढ्यात भावाबहिणीचं बोलणं आटोपतं आणि मग खऱ्या बातम्या मला वहिनींकडून काढाव्या लागतात. पत्र मात्र आलं की तुम्ही चष्मा पुसून, खुर्ची उन्हात ओढून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचता. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी मोटार चालवते, हे तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेल आणि तुम्ही त्यावर विश्वास ठेवला नसेल. ठेवा. शाळेतून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थाटन करतात, गुडघे दाखवत हिंडतात, सुनेच्या स्वयंपाकात मीठ कमी आहे का ते बघतात. मला सून नाही आणि गुडघे शाबूत आहेत, तेव्हा मी एक जुनी छोटी गाडी घेतली आणि शेजारच्या बंडूजींकडे शिकायला लागले. बंडूजी म्हणजे एसटीचे निवृत्त चालक. माणूस सोन्यासारखा, पण त्यांनी सगळी हयात लाल गाडी चालवली असल्यामुळे त्यांनी मला माझी छोटी गाडी नाही, एसटीच शिकवली. वळण घ्यायचं तर आधी गाडी पलीकडच्या शेताच्या धुऱ्यापर्यंत न्यायची. प्रत्येक फाट्यावर वेग कमी करायचा, कोणी हात दाखवो न दाखवो. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे इशारा मिळाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, आणि इशारा मिळाला की मग क्षणभरही थांबायचं नाही. (ती कंडक्टरची दोनदा वाजणारी घंटी. माझ्या गाडीत ती कोण वाजवणार, हा प्रश्न बंडूजींना पडला नाही.) आजही मागून कोणी "चला" म्हटल्याखेरीज माझा पाय क्लचवरून उठत नाही. ह्या सवयीने पुढे काय घोटाळा केला ते येतंच आहे.

तर ह्या बंडूजींच्या डोक्यातून ही गाडी-सेवा निघाली. पुलगाव-नाचणगावात फौजेतून परत आलेली माणसं किती, ते तुम्हाला मी सांगायला नको. आता ती म्हातारी झाली, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, आणि मोठा दवाखाना नागपूरला. एकदा बंडूजींनी बसमध्ये एका म्हाताऱ्या फौजीला एक्स-रेची मोठी पिशवी छातीशी धरून उभ्याने जाताना पाहिलं. कोणी जागा देऊ केली तर म्हणे, "बसा तुम्ही, मी ठीक आहो." बंडूजी घरी आले, जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी ज्याच्या दारात गाडी दिसली त्याच्या दारात जाऊन बसले. तेव्हापासून ज्याला जमेल तो आपल्या गाडीतून ह्या लोकांना दवाखान्यात नेतो आणि परत आणतो. संघटना नाही, फलक नाही, अध्यक्ष नाही. (अध्यक्ष नसलेली ही वर्धा जिल्ह्यातली बहुधा एकमेव गोष्ट असावी, म्हणूनच सुरळीत चालली आहे.)

मला वाटलं होतं, म्हातारी माणसं आहेत, हात धरून बसवावं लागेल, वाटेत कोणाला मळमळेल. कसचं काय. निघायच्या वेळेच्या कितीतरी आधी ही मंडळी माझ्या फाटकाबाहेर हजर. बुटांत तोंड दिसावं इतकी पॉलिश, दाढी गुळगुळीत, स्वेटरची घडी मोडलेली नाही. मी अजून वेणी घालते आहे आणि बाहेर माझ्या गाडीची तपासणी चालू. एकजण टायर दाबून बघतो, दुसरा ऑइल, तिसरा खाली वाकून काहीतरी बघतो आणि मान हलवतो. (त्या मान हलवण्याने मला दिवसभर धास्ती.) मग बसायची पाळी. तिथे वय, आजार, पोटाचा घेर ह्या कशाचाही विचार नाही. हुद्द्याने मोठा तो पुढे, खिडकीपाशी. धाकटा तो मागे, मधोमध. एकदा हा धाकटा अंगाने इतका भरलेला निघाला की दोन्ही बाजूंचे दोघे दरवाजांना चिकटून गेले, पण वर्ध्यापर्यंत कोणी हूं केलं नाही. आणि गाडी मागे घ्यायची म्हटली की मागचा मधला सोडून बाकीचे तिघेही उतरतात आणि तीन बाजूंनी हात हलवतात. एक म्हणतो आने दो, एक म्हणतो रुको, तिसरा नुसताच गंभीर. अशाने आमच्या फाटकाजवळची तुळशीची कुंडी गेली. तिघांनीही त्याची जबाबदारी स्वतःवर घेतली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात तीन कुंड्या आल्या.

आता रूपरावजी. हवालदार म्हणून निवृत्त झालेले, इथेच नाचणगावात घर, बायको अन्नपूर्णाबाई. उंच, काटक, बोलणं मोजकं. दिवाळीनंतर एकदा त्यांना नेहमीच्या तपासणीसाठी नागपूरला न्यायचं होतं, बरोबर आणखी दोघे. सेलूजवळ पोहोचतो तो काय, कापसाच्या गाड्यांनी रस्ता पार तुंबलेला. एक ट्रॅक्टर आडवा, त्याच्यामागे ट्रक, ट्रकमागे बैलबंड्या, आणि सगळे जण एकमेकांना हॉर्न वाजवून शहाणपण शिकवत आहेत. मी म्हटलं, थांबू. रूपरावजी दार उघडून उतरले. भर रस्त्यात जाऊन उभे राहिले आणि त्यांनी नुसता एक हात वर केला. दादा, वर्गात शांतता आणायला मला अख्खी नोकरी खर्ची घालावी लागली, त्या माणसाने ती एका तळहातात आणली. ट्रॅक्टर सरळ झाला, बंड्या कडेला लागल्या, ट्रक निमूट सुटला. रूपरावजी एकेका गाडीला इशारा देत होते आणि ती गाडी सुटत होती. मग आमची पाळी आली. त्यांनी मला बघितलं, रुबाबात हात हलवला, चलो. इशारा मिळाला, मी निघाले.

तुम्ही म्हणाल, मागच्या दोघांनी काही सांगितलं कसं नाही. तेच मीही विचारलं, पण ते बरंच पुढे गेल्यावर, पुढची सीट रिकामी का वाटते आहे म्हणून बघितलं तेव्हा. तर मागून शांतपणे उत्तर आलं, "हवालदार साहेबानं जाले सांगतलं, बाई. हुकूम देल्यावर आमी काऊन बोलाव?" म्हणजे ज्याला दवाखान्यात न्यायचं तो रस्त्यावर, आणि आम्ही त्याच्या आज्ञेने त्याच्याशिवाय दवाखान्यात. बंडूजींची घंटी आणि फौजेचा हुकूम ह्यांची अशी गाठ पडली की एक हवालदार सेलूला सांडला.

मी गाडी वळवली (पलीकडच्या धुऱ्यापर्यंत नेऊन) आणि परत आले. रस्ता मोकळा झाला होता. रूपरावजी एका पुलाच्या कठड्यावर बसले होते. एकटेच. एवढ्या थंडीत कपाळावर घाम, चेहरा राखेसारखा, आणि उजवा हात छातीवर असा दाबून धरलेला की बोटं स्वेटरात रुतली होती. मी पाहिलं ते ह्याच अवस्थेत. माझ्या गाडीचा आवाज आला तसा तो हात खाली गेला, माणूस उठून ताठ उभा राहिला, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "सब ठीक आहे, बाई. चाला." गाडीत बसल्यावर डावा हात मात्र ते मांडीवर घेऊन नुसता चोळत होते. मी नागपूरपर्यंत नजर रस्त्यावरच ठेवली. बोलले असते तर रडले असते, आणि बंडूजींनी रडत गाडी चालवायला शिकवलं नव्हतं.

दवाखान्यात मला वाटलं, आता डॉक्टर बघतील, हे सांगतील, इलाज होईल. डॉक्टर म्हणजे कर्नल इला मॅडम. फौजेतून निवृत्त झाल्या, आता तिथे हृदयाचे रोगी बघतात. बाई इतक्या मृदू की त्यांचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागतं. पण दारावरच्या पाटीवर नावाआधी कर्नल लिहिलेलं आहे, आणि रूपरावजींनी ती पाटी वाचली. मी बाहेर बसले. ते आत गेले आणि थोड्याच वेळात प्रसन्न मुद्रेने बाहेर आले. छातीला तारा लावून काढलेला ईसीजीचा कागद चांगला निघाला होता. स्वस्थ पडून काढला तर तो चांगला निघू शकतो, हे मला नंतर कळलं. दुखतं का, दम लागतो का, चालताना त्रास होतो का, असं मॅडमनी आपलेपणाने विचारलं. रूपरावजींनी सांगितलं, "सब ठीक है, मॅडम." मॅडम सहा महिन्यांनी या म्हणाल्या. कर्नल साहेब खूश झाले, असंही रूपरावजींनी मला वर सांगितलं.

परतीच्या वाटेवर मी ठिणगी झाले होते. दादा, माझा सगळा जन्म पोट दुखतं म्हणून खोटं सांगणारी पोरं ओळखण्यात गेला. आता निवृत्तीनंतर माझ्या वाट्याला कोण आलं, तर छाती दुखत नाही म्हणून खोटं सांगणारे म्हातारे. पहिल्या जातीला मी सुतासारखं सरळ करू शकत होते, ह्यांना काय करू? मी गाडी कडेला घेतली आणि शाळेतल्या आवाजात विचारलं की असं खोटं का सांगितलंत. त्यांनी तोंड काचेकडे वळवलं. मग म्हणाले, "बाई, आमच्याकडे येक जन बिमार पडला का त्याची ड्युटी दुसऱ्याले कराव लागे. आधीच त्या दुसऱ्याची ड्युटी झालेली राहे. बरफात उभा राहून आलेला राहे तो. त्याले पुन्हा कसं उभं करता? म्हणून आमी बिमारच नाई पडलो." एवढंच. सगळा राग सर्रकन गेला आणि त्याच्या जागी असं काही आलं की मला पाणी प्यावं लागलं. ज्या माणसाने दुसऱ्याला थंडीत उभं राहावं लागू नये म्हणून आयुष्यभर दुखणं गिळलं, त्याला तू खोटारडा आहेस असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण त्याला असा मरूही देणार नव्हते.

अन्नपूर्णाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण त्यांनाही नवरा गेली कितीतरी वर्षं सब ठीकच सांगत आला होता. आम्ही दोघींनी मिळून त्यांना पुढच्याच आठवड्यात परत गाडीत घातलं, सबब चष्म्याची. ह्या खेपेला मी आत घुसले. मॅडमना सांगायला सुरुवात केली की सेलूला असं असं झालं, तोच रूपरावजींनी मला अडवलं. बाई जरा घाबरट आहेत म्हणाले, त्यांना गाडीतही घंटीशिवाय चालत नाही म्हणाले. आणि आपण तंदुरुस्त असल्याचा पुरावा म्हणून त्यांनी मॅडमसमोर सावधान केलं. असा पाय आपटला की कोपऱ्यातल्या वजनकाट्याचा काटा हलून परत आला. पाय आपटला, आणि ते क्षणभर डोळे मिटून उभे राहिले. ओठ पांढरे.

कर्नल मॅडमनी ते बघितलं. त्या खुर्चीतून उठल्या, टेबलाला वळसा घालून समोर आल्या, आणि दादा, त्या मृदू बाईच्या गळ्यातून जो आवाज निघाला त्याने मी सुद्धा सावधान झाले.

"हवालदार रूपराव. सेहत की रिपोर्ट दो."

आणि रूपरावजींनी रिपोर्ट दिली. नजर समोरच्या भिंतीवर, मुठी पॅन्टच्या शिवणीला, एकेक शब्द खणखणीत. छाती में दर्द, बायीं तरफ. चढाई पर और वजन उठाने पर. दर्द बायें हाथ तक आता है. रुकने पर रुकता है. गणपती से चालू, दिवाली से ज्यादा. रिपोर्ट खतम, मॅडम. मॅडमनी विचारलं, आतापर्यंत का सांगितलं नाही. तर हा माणूस भिंतीकडे बघतच म्हणतो, "हुकूम नहीं था, मॅडम."

मी हसले की रडले ते आठवत नाही, दोन्ही झालं असावं. मॅडमनी त्यांना तिथूनच भरती करून घेतलं. हृदयाच्या नळीत जाळी बसवली. आणखी थोडा उशीर झाला असता तर, असं म्हणून त्या थांबल्या, आणि ते वाक्य पुरं करायला मी त्यांना सांगितलं नाही. आता रूपरावजी ठणठणीत आहेत. रोज सकाळी फिरतात, आणि वाटेत भेटेल त्याला न विचारता आपल्या तब्येतीची रिपोर्ट देतात. (हा हुकूम मागे घ्यावा, अशी अन्नपूर्णाबाईंची मॅडमना विनंती आहे.)

दादा, मी फौजेला लांबून ओळखत होते. तुम्ही सुट्टीवर यायचात, ट्रंक उघडायचात, आम्हाला बिस्किटं मिळायची, एवढीच माझी फौज. गेल्या काही महिन्यांत गाडीच्या मागच्या सीटवर जी फौज मी पाहिली, ती वेगळी. ही माणसं स्वतःसाठी काही मागत नाहीत, पण रस्त्यात कोणाची बंडी अडली की आधी उतरतात. बंडूजींबद्दल तर मी बोलतच नाही, त्यांना कळलं तर ते मला पुन्हा रिव्हर्स शिकवायला येतील. मला ही सगळी माणसं फार आवडतात. एवढंच लिहायचं होतं.

वहिनींना जयभीम. काळ्या गायीच्या पाठीवरून हात फिरवा.

तुमची धाकटी बहीण,
पौर्णिमा

ता. क. : उद्या सोडून पुढच्या सोमवारी माझी गाडी पुन्हा नागपूरला जाते आहे, आणि ती तुमच्या तळेगावावरून जाणार आहे. (नाचणगावहून नागपूरला जाताना तळेगाव वाटेत पडत नाही, हे मला ठाऊक आहे. भूगोल मीच शिकवत होते.) हवालदार मंडळींवर वचक ठेवायला हुद्द्याने मोठा माणूस गाडीत हवा, आणि तुम्ही सुभेदार. पुढची सीट तुमची. नाही म्हणू नका.

आणखी ता. क. : मंडळी फार नाहीत. खरं म्हणजे मंडळी नाहीतच. सोमवारी कर्नल मॅडमकडे एकच नाव लावलं आहे, ते तुमचं. घरून बागेत जाताना हल्ली तुम्ही वाटेत थांबता आणि झाडाकडे वर बघत उभे राहता, फळ कसं धरलं आहे ते तपासल्यासारखे, असं वहिनींनी सांगितलं. त्यातली दोन झाडं बाभळीची आहेत म्हणे. वहिनींवर चिडू नका. बातमी मीच खोदून काढली.

शेवटचं ता. क. : ओलीत चालू आहे, बागेला पाणी कोण देईल, हे सांगू नका. ते रूपरावजी देणार आहेत. बंडूजी त्यांना घेऊन सकाळीच बागेत येतील. झाडाखाली बसून पाणी सोडायला मॅडमची परवानगी आहे, फावड्याला नाही. रूपरावजींनी तुमच्यासाठी निरोप दिला आहे, तो जसाच्या तसा लिहिते : "सुभेदार साहेबाले सांगजा, त्यायच्या ड्युटीवर मी आहो. त्यायनं खुशाल बिमार पडाव." आणि दादा, आता हे अहो-जाहो राहू दे. आई गेली, बाबा गेले, मला "पौर्णे" म्हणून हाक मारणारा आता तूच एक उरला आहेस. फाटकापाशी हॉर्न वाजवीन. बाहेर ये, गाडीत बस, आणि मॅडमनी विचारलं की खरं सांग.